तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो काढला की मजा जाते का?

फोनवर फोटो काढायला शिकवताना प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच: "फोटोच्या नादात समोरची गंमत हुकते ना हो?" फोटोमुळे ती हुकत नाही. हुकते ती 'हा आता कुठे टाकू' या विचारामुळे, आणि हे मी अगदी ठामपणे सांगते.

क्रिस्टिन डील, गल झाउबरमन आणि अलिक्झांड्रा बराश या संशोधकांनी २०१६ मध्ये नऊ प्रयोग प्रसिद्ध केले. फोटो काढणाऱ्यांना बहुतेक वेळा जास्त मजा आली, कारण काय टिपायचं हे शोधताना नजर समोरच्या गोष्टीत गुंतते. त्यांनीच २०१८ मध्ये दाखवलं की तोच फोटो सोशल मीडियावर टाकण्यासाठी काढला, तर मजा कमी होते. लोकांना आपण कसे दिसू, ही काळजी तिथल्या तिथे सुरू होते.

म्हणून काढणं आणि टाकणं वेगळं करा. इन्स्टाग्रामच्या आतला कॅमेरा उघडू नका, फोनचाच वापरा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण दोनदा दाबलं की तो उघडतो आणि वाटेत एकही नोटिफिकेशन दिसत नाही. टाकायचं ते रात्री, घरी.

मिसळीचं उदाहरण घ्या, कारण तिच्याकडे फार वेळ नसतो. रस्सा ओतला की फरसाण दोन-चार मिनिटांत मऊ पडतं. फोटो रस्सा ओतायच्या आधी, तो वाटीत असतानाच काढा. खिडकीजवळचं टेबल धरा, प्लेट अशी फिरवा की उजेड बाजूने येईल. फोन बरोबर वरून धरलात तर हाताची सावली पडते आणि वाफेने लेन्स धुरकट होते, म्हणून जरा तिरका आणि फूटभर लांब. फ्लॅश बंद, नाहीतर तेलाच्या तवंगावर पांढरे ठिपके उठतात. स्क्रीनवर वाटीतल्या तर्रीवर बोट टेकवून फोकस लावा आणि उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा, म्हणजे लाल रंग लालच राहतो. त्याआधी लेन्स रुमालाने पुसा. बरेच धुरकट फोटो बोटाच्या तेलाचे असतात. दोन फोटो, वीस सेकंद. मग फोन पालथा, लिंबू पिळा.

आवाजाची गोष्ट निराळी. डील, झाउबरमन, बराश या मंडळींच्याच २०१७ च्या अभ्यासात फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं जास्त आठवलं, पण ऐकलेलं कमी. विसर्जनाला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ढोलताशा पथकासमोर सबंध वेळ हात वर धरून उभं राहणाऱ्यांकडे बघून मला म्हणूनच वाईट वाटतं. शिवाय त्या व्हिडिओत ढोल नीट येतच नाही. जवळून ठोका इतका मोठा असतो की फोनचा माइक त्याला पुरत नाही, आवाज फाटतो. त्यात फोन आडवा धरला की चार्जिंगच्या खाचेजवळचं माइकचं भोक तळव्याखाली जातं. पथकापासून चाळीस-पन्नास फूट मागे या, भोक मोकळं ठेवा, पंधरा-वीस सेकंद घ्या आणि फोन खिशात टाका. उरलेलं छातीत वाजू द्या.

वास्तूंच्या बाबतीत लिंडा हेंकेल यांचा २०१४ चा प्रयोग कामाचा आहे. संग्रहालयात ज्या वस्तूंचा अख्खा फोटो काढला त्या लोकांना कमी आठवल्या. पण एखाद्या भागावर झूम केलं तेव्हा आठवण टिकली. तेव्हा शनिवारवाड्याचा सगळा दिल्ली दरवाजा फ्रेममध्ये कोंबत बसू नका, त्यावरचे टोकदार खिळे टिपा. तेही चालत जवळ जाऊन. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा तुकडा कापून मोठा करणं, त्याने बारकावे पुसट होतात.

एका ठिकाणी मात्र फोन हातात घेऊच नका: जिथे आपले दोन्ही हात आधीच कामात आहेत. २०१६ च्या प्रयोगांतही, जे स्वतः हस्तकला करत होते त्यांची मजा फोटोने वाढली नाही. नुसतं बघणाऱ्यांची वाढली. उकडीचे मोदक वळताना हेच होतं. फोटोसाठी हात धुवून, पुसून परत येईपर्यंत उकड गार होते, पारी चिरते आणि कळ्या नीट पडत नाहीत. फोटो शेजारी बसलेल्याला काढू द्या, किंवा मोदकपात्राचं झाकण लावल्यावर काढा. तेव्हा तुमच्याकडे दहा-बारा मिनिटं असतातच.