सुपर म्हणजे नक्की कोण?

गेल्या महिन्यात आमच्या बिलिंगच्या कोडमध्ये माझ्या हातून एक चूक झाली. बिलाची रक्कम काढणाऱ्या मेथडभोवती (मेथड म्हणजे नाव देऊन ठेवलेला कोडचा तुकडा) मला लॉगिंग, म्हणजे काय घडलं त्याची नोंद, गुंडाळायचं होतं. रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेत २.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, हे सोपं आहे. एक मॉड्यूल, म्हणजे मेथडचा गठ्ठा, लिहायचं, ते मूळ मेथड असलेल्या क्लासमध्ये प्रीपेंड करायचं, म्हणजे पुढे जोडायचं, आणि त्याच नावाच्या मेथडमधून 'सुपर' म्हणायचं. मी सुपरपुढे रिकामे कंस टाकले. नुसतं सुपर लिहिलं की मेथडला मिळालेले आर्ग्युमेंट, म्हणजे तिला दिलेल्या किमती, आपोआप पुढे जातात, रिकामे कंस दिले की एकही आर्ग्युमेंट जात नाही. सवलतीचा आर्ग्युमेंट ऐच्छिक, डिफॉल्ट शून्य. त्यामुळे एरर आली नाही, आणि दोन दिवस सवलत न लागलेली बिलं लोकांकडे गेली.

चूक शोधताना शेजारी बसलेल्या नव्या मुलीने विचारलं, "ताई, या क्लासने तर दुसऱ्या कुठल्या क्लासकडून काही इनहेरिट केलेलंच नाही, वारसा घेतलेलाच नाही. मग सुपर कोणाला बोलावतंय?"

प्रश्न नेमका होता. प्रीपेंड केलेलं मॉड्यूल मेथड शोधण्याच्या रांगेत क्लासच्या आधी उभं राहतं. तिथून सुपर म्हटलं की क्लासची स्वतःचीच मेथड चालते. म्हणजे बोलावणं जातं ते रांगेतल्या पुढच्याला, आणि शब्द मात्र वारशाचा, ज्याच्याकडून वारसा घेतला त्या वरच्या क्लासला बोलावण्याचा. तो वाचून माणूस वरच्या क्लासमध्ये शोधत बसतो.

कॉमन लिस्प या भाषेत अराउंड मेथडच्या, म्हणजे दुसरीभोवती गुंडाळलेल्या मेथडच्या, आतून 'कॉल-नेक्स्ट-मेथड' म्हणतात. लांबलचक आहे, पण खरं तेच सांगतं. त्यात आर्ग्युमेंट न देता बोलावलं तर मूळचेच पुढे जातात, मधे व्हेरिएबल बदललेलं असलं तरी. रुबीचं नुसतं सुपर बदललेली किंमत पाठवतं. जावा भाषेला जोडून वापरायच्या अॅस्पेक्टजेमधला, याच कामाचा 'प्रोसीड'ही मला आवडतो. सिम्युला या जुन्या भाषेच्या 'इनर'मध्ये सूत्रं उलट्या हातात असतात: वरच्या क्लासचा कोड चालतो आणि खालच्याला कुठे जागा द्यायची ते तोच ठरवतो.

सगळ्यात जास्त विचार केलाय तो राकू या भाषेने. तिथे चार शब्द आहेत: कॉलसेम, कॉलविथ, नेक्स्टसेम, नेक्स्टविथ. 'सेम' म्हणजे आलेले आर्ग्युमेंट तसेच, 'विथ' म्हणजे मी देते ते. 'कॉल' म्हणजे पुढचं काम उरकून परत माझ्याकडे, 'नेक्स्ट' म्हणजे परत येणं नाही. माझी अख्खी चूक 'सेम' आणि 'विथ' यांच्या मधली होती! रुबीत तो फरक दोन कंसांवर सोडलाय, आणि रिव्ह्यू करणाऱ्याच्या नजरेतून कंस सहज निसटतात.

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी प्रीपेंड केलेली सगळी मॉड्यूल उघडली आणि प्रत्येक सुपरपुढे आर्ग्युमेंट नावानिशी लिहिले. अकरा जागा निघाल्या. आणखी दोन ठिकाणी कंस रिकामेच होते.