तिसऱ्या खाणारा पाहुणा

एम्परर एंजलफिशचं पिल्लू घरी आणलं तेव्हा ते तळहाताएवढंही नव्हतं. गडद निळ्या अंगावर एकात एक पांढरी वर्तुळं. मोठेपणी यालाच पिवळे-निळे आडवे पट्टे येतात. एकेकाळी शास्त्रज्ञांनीही पिल्लू म्हणजे वेगळीच जात समजून त्याला वेगळं नाव दिलं होतं.

समुद्रात हा मासा ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. म्हणून टाकी ६ बाय २.५ बाय २ फुटांची केली. साधारण ८५० लिटर, म्हणजे काच-दगडांसकट टनाच्या वर वजन! ठाण्यात दुसऱ्या मजल्यावर ती बीमलगतच ठेवायची, असं इंजिनियरने लिहून दिलं, तेव्हा कुठे सोसायटीचे सेक्रेटरी गप्प बसले.

आधीचा एंजल मी आणल्या दिवशीच टाकीत सोडला होता. अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके आले आणि आठवड्यात गेला. त्यावर कॉपरचं औषध चालतं, पण ते प्रवाळांना मारतं आणि दगडांत शोषलं जातं. म्हणून यावेळी आधी औषध देण्यापुरती वेगळी टाकी घेतली. आत दगड नाही, वाळू नाही, लपायला फक्त पीव्हीसी पाइपचे तुकडे.

पण हा काही खाईना. फ्रोझन मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव), नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), सगळं तसंच पडून. कॉपरने भूक आणखी मरते, त्यामुळे औषधही सुरू करता येईना. पाचव्या दिवशी पोट आत गेलेलं दिसलं आणि मी तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, आणायला मासळी बाजार गाठला.

"मावशी, चार तिसऱ्या द्या."

"चारच? कालवण व्हायचं कसं रं दादा?"

"घरी पाहुणा आलाय, त्याच्यापुरत्या."

दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून, शिंपला उघडून एक तळाशी ठेवली. स्वारी पाइपातून डोकावली, मागे गेली, पुन्हा आली. तासाभराने शिंपल्यावर टोच मारली. मी ऑफिसला दांडी मारली होती, ते सार्थकी लागलं.

खाणं नियमित झाल्यावर कॉपर हळूहळू चढवलं आणि ३० दिवस पातळी रोज किटने तपासली. मग मोठ्या टाकीत सोडला. आता तो नोरी माझ्या हातातून ओढून घेतो. पाठीवरची वर्तुळं तुटून पिवळ्या रेघा उमटू लागल्यात.

परवा मावशीने माझ्या पिशवीत न मागता चार तिसऱ्या टाकल्या. म्हणाली, "पाव्हणा लई दिवस राहिला की रं!"