मुठीच्या पिनांची भोके

सांगलीतल्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या महिन्यात मी बाभळीच्या फळ्यांची एक चांगली जोडी वाया घालवली. त्या फळ्या पात्याच्या शेपटाला दोन्ही बाजूंनी लावून सुरीच्या मुठीत पाच मिलिमीटर जाडीच्या पितळी सळईच्या तीन पिना बसवायच्या होत्या. वरून भोके अगदी गोल दिसत होती, पण फळी उलटवली तेव्हा प्रत्येक भोकाच्या कडेला ढलपी उडालेली होती.

ड्रिल पलीकडे निघते त्या शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरात लाकडाच्या तंतूंना खालून आधार नसेल, तर ते कापले न जाता ढकलले जाऊन फाटतात. माझ्या फळीखाली आधाराचा तुकडा होता, मात्र त्याला जुन्या कामाची इतकी भोके पडलेली होती की नेमक्या जागी तो पोकळच होता. आता प्रत्येक भोकासाठी मी तो कोऱ्या जागेवर सरकवतो, क्लॅम्पने घट्ट आवळतो आणि शेवटी हाताचा दाब जवळजवळ काढून घेतो.

पात्याच्या पोलादातली भोके पाणी देण्यापूर्वीच, म्हणजे ते तापवून, बुडवून कडक करण्यापूर्वीच उरकावीत, कारण नंतर साधे हायस्पीड ड्रिल त्यावर नुसते घासून जळते. माझे पाते ट्रकच्या कमानपाट्याचे असल्यामुळे ते आधी लालबुंद करून रात्रभर राखेत निवू दिले होते. सेंटर पंचाची खूण करून, तेल सोडत, आधी तीन आणि मग पाच मिलिमीटरचे ड्रिल चालवले. खालच्या बाजूला राहिलेली बर, म्हणजे भोकाच्या कडेला उठलेली धारदार किनार, काउंटरसिंकने (शंकूसारख्या टोकाच्या ड्रिलने) काढावीच लागते. ती राहिली तर फळी पोलादाला टेकत नाही आणि त्या फटीत शिरलेले हळदीचे पाणी, निदान आमच्या स्वयंपाकघरात तरी, कायमची पिवळी रेघ ठेवून जाते.

फळी पात्याला आवळून, पोलादातल्या भोकांतूनच लाकडाला भोके पाडावीत आणि पहिले भोक होताच त्यात पिन घालून मगच दुसऱ्याकडे वळावे, म्हणजे फळी सरकत नाही. लाकूड झाल्यावर पोलादातली भोके थोडी मोठी करून घेतो. पिन ठोकून बसवावी लागली तर बाभूळसुद्धा चिरते, म्हणून सळई आधी व्हर्नियरने मोजतो.

पहिली जोडी मी आधीच कानशीने घासून शेवटच्या जाडीला आणली होती, त्यामुळे उडालेली ढलपी झाकायला लाकूडच उरले नव्हते. दुसरी जोडी दोन मिलिमीटर जास्त जाड ठेवली. तिसऱ्या भोकापाशी थोडी कड उडाली, ती मूठ गोलावताना निघून गेली.