शिरेतून दिलेले अन्न आणि पहिले तीन दिवस

मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना एक विनंती हमखास कानावर येते. "मॅडम, चार दिवस बाबांच्या पोटात अन्नाचा कण नाही. निदान ताकदीची बाटली तरी लावा." विनंती करणारा मुलगा विरारहून किंवा डोंबिवलीहून गाडीचे धक्के खात आलेला असतो आणि खाटेशेजारच्या स्टँडवर एक बाटली आधीच लटकत असते. तिच्यात काय आहे हे सांगितले की त्याचा चेहरा उतरतो. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे ८५ किलोकॅलरी. एका पोळीएवढी ही ऊर्जा, आणि प्रथिने शून्य. साध्या सलाईनमध्ये तर तेवढेही नसते. या बाटल्या शरीराची पाण्याची आणि क्षारांची गरज भागवतात, अन्नाची नव्हे.

शिरेवाटे खरोखरचे अन्न देता येते, त्याला आम्ही टीपीएन (टोटल पॅरेंटरल न्यूट्रिशन) म्हणतो. त्यात ॲमिनो आम्ले, ग्लुकोज, स्निग्ध पदार्थांचे दुधासारखे पांढरे द्रावण, क्षार, जीवनसत्त्वे आणि जस्त-सेलेनियमसारखी सूक्ष्म द्रव्ये असतात. स्वीडनमध्ये आर्व्हिद व्रेटलिंड यांनी सोयाबीन तेल आणि अंड्यातील फॉस्फोलिपिड वापरून शिरेतून देता येईल असे सुरक्षित स्निग्ध द्रावण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केले. अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक यांनी आधी कुत्र्याची पिल्ले केवळ शिरेतून दिलेल्या अन्नावर वाढवून दाखवली आणि १९६७ मध्ये आतड्याचा जन्मजात दोष असलेल्या एका बाळाला याच पद्धतीने पोसले. टीपीएनचे एकूण मिश्रण इतके दाट असते की हाताची बारीक शीर त्याने सुजते. म्हणून ते हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत सोडावे लागते, जिथे रक्ताच्या जोरदार प्रवाहात ते लगेच पातळ होते. साधारणपणे ९०० मिलिऑस्मोल प्रतिलिटरपर्यंतचे (हे दाटपणाचे माप) सौम्य द्रावणच हाताच्या शिरेतून, आणि तेही थोडेच दिवस, देता येते.

माझे मत स्पष्ट आहे. टीपीएन हे औषध समजूनच लिहिले पाहिजे: कोणाला, किती, कधीपासून आणि कधीपर्यंत, हे सर्व केसपेपरवर नोंदवून. आतडे चालू असेल तर नाकातल्या नळीने अन्न देणे अधिक सुरक्षित आणि स्वस्तही असते. आतड्याचा मोठा भाग काढून टाकलेला असणे, आतडे अडणे किंवा ठप्प होणे, फिस्च्युलातून, म्हणजे आतड्याला पडलेल्या अनैसर्गिक वाटेतून, भरमसाट स्राव वाहणे, आतड्याचा रक्तपुरवठा तुटणे, अशा परिस्थितीत मात्र टीपीएनला पर्याय उरत नाही. घाई करूनही फायदा होतोच असे नाही. बेल्जियममधील अतिदक्षता विभागांतील ४६४० रुग्णांचा एपॅनिक नावाचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नळीने मिळणारे अन्न अपुरे पडत असताना ज्यांना पहिल्या ४८ तासांतच टीपीएन जोडले, त्यांच्यापेक्षा आठव्या दिवसापर्यंत थांबलेल्यांना जंतुसंसर्ग कमी झाला आणि ते लवकर बरे होऊन बाहेर पडले. पण हा निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लावणे मला पटत नाही. त्या अभ्यासात बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचे माप) १७ च्या खाली असलेले, म्हणजे फार कृश रुग्ण घेतलेच नव्हते. आमच्या वॉर्डात आतड्याच्या क्षयाने झिजलेला, महिनाभर पेजेवर काढलेला रुग्ण येतो, तेव्हा त्याला आठ दिवस ताटकळत ठेवणे योग्य नाही. त्याला लवकर अन्न हवे, पण ते फार हळूहळू चढवत न्यायला हवे.

ही हळूहळूची अट नातेवाइकांच्या आणि कधीकधी तरुण डॉक्टरांच्याही पचनी पडत नाही. दीर्घ उपासात शरीर चरबीवर चालत असते. त्याला अचानक ग्लुकोज मिळाले की इन्सुलिन वाढते आणि रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढले जातात. साठा आधीच रिता असल्यामुळे रक्तातील पातळी कोसळते. हृदयाचे ठोके अनियमित होतात, श्वासाचे स्नायू थकतात, अंगावर सूज चढते. ग्लुकोज वापरण्यासाठी थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व लागते, आणि ते संपलेले असेल तर रक्तात लॅक्टिक आम्ल साचते, मेंदूलाही इजा होते. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांपैकी काहीजण पोटभर अन्न मिळाल्यावर दगावले, त्याच्या मुळाशी हेच होते.

गेल्या पावसाळ्यात आतड्याच्या क्षयामुळे अडथळा झालेला, ३८ किलो वजनाचा एक रुग्ण आमच्याकडे होता. टीपीएन सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टात सोडियम आणि पोटॅशियम ठीक होते. फॉस्फरस मात्र डेसिलिटरमागे १.३ मिलिग्रॅमवर आला होता, जो प्रौढ माणसात साधारण २.५ ते ४.५ असतो. आपल्याकडे 'इलेक्ट्रोलाइट्स' एवढेच लिहून नमुना पाठवला, तर प्रयोगशाळेतून बहुधा सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एवढेच आकडे परत येतात. फॉस्फरस आणि मॅग्नेशियम वेगळे लिहावे लागतात. ते लिहिलेले होते म्हणून कळले. टीपीएनच्या पिशवीचा वेग निम्मा केला, शिरेतून फॉस्फेट दिले, थायमिन चालू ठेवले आणि दोन दिवसांनी पुन्हा मात्रा वाढवायला घेतली.

अमेरिकन सोसायटी फॉर पॅरेंटरल अँड एंटरल न्यूट्रिशनची २०२० ची शिफारस अशी की धोका असलेल्या रुग्णाला पहिल्या २४ तासांत वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० ते २० किलोकॅलरीच द्याव्यात, पुढे दर एक-दोन दिवसांनी उद्दिष्टाच्या एकतृतीयांशाने वाढवावे, आणि अन्न सुरू करण्यापूर्वी १०० मिलिग्रॅम थायमिन द्यावे. म्हणजे ४० किलोच्या माणसाला पहिल्या दिवशी ४०० ते ८०० किलोकॅलरी. अगदीच कंगाल झालेल्या रुग्णासाठी मी यातला खालचा आकडा धरते. "एवढी महाग पिशवी आणि इतकी सावकाश?" असे नातेवाईक विचारतात, आणि तो प्रश्न गैर नाही, कारण काही हजार रुपयांच्या पिशवीतील उरलेला भाग २४ तासांनंतर टाकूनच द्यावा लागतो. म्हणून लहान चणीच्या रुग्णासाठी लहान आकाराची पिशवी मागवावी, हा आग्रह मी दुकानातल्या साठ्याकडे न बघता धरते.

तीन कप्प्यांची तयार पिशवी आल्यापासून काम सोपे झाले आहे. वरच्या टोकापासून ती गुंडाळत दाबली की कप्प्यांमधले जोड सुटतात, मग दोन-तीनदा उलटीसुलटी केली की सगळे एकसारखे पांढरे होते. वर पिवळसर तेलाचा थर दिसला तर ती पिशवी लावायची नाही. मात्र 'सगळे एकत्र' या दिसण्याने फसगत होते. सहसा या पिशव्यांत जीवनसत्त्वे आणि सूक्ष्म द्रव्ये नसतात, ती वेगळी मागवून रोज घालावी लागतात. १९९७ मध्ये अमेरिकेत शिरेतून देण्याच्या मल्टिव्हिटॅमिनचा तुटवडा पडला, तेव्हा टीपीएनवरच्या रुग्णांना थायमिनअभावी लॅक्टिक ॲसिडोसिस, म्हणजे रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा विकार, झाला होता. याउलट कॅल्शियम आणि फॉस्फेट वॉर्डातच अंदाजाने पिशवीत मिसळणे घातक आहे. दोन्हींचा न विरघळणारा साका फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकतो. अशा साक्याशी निगडित दोन मृत्यूंनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९४ मध्ये जाहीर इशारा दिला होता. नळीवर १.२ मायक्रॉनचा फिल्टर लावणे त्यामुळेच आवश्यक ठरते.

सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी; तिच्याबद्दल सिस्टर मंडळींना माझ्यापेक्षा जास्त माहिती असते, त्यामुळे थोडक्यातच लिहिते. टीपीएनसाठी एक मार्ग पूर्णपणे राखीव हवा. त्यातून अँटिबायोटिक नाही, रक्ताचा नमुना नाही. जोडणी उघडण्यापूर्वी प्रत्येक वेळी ती निर्जंतुक करायची आणि पिशवीबरोबर नळीही रोज बदलायची. रक्तातील साखर सुरुवातीला दर चार ते सहा तासांनी तपासावी आणि बहुतेकांत ती १४० ते १८० च्या दरम्यान राखावी. ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) ४०० च्या वर गेले तर स्निग्ध पदार्थ कमी करावे लागतात. यकृताच्या तपासण्या आठवड्याला पुरतात.

रुग्ण तोंडाने किंवा नळीने गरजेच्या साठ टक्क्यांपर्यंत अन्न घेऊ लागला की टीपीएन उतरवत आणून बंद करता येते. एकाएकी बंद केल्यास काही रुग्णांची साखर झपाट्याने खाली येते, त्यामुळे शेवटचा एक-दोन तास वेग निम्मा ठेवतात. रात्री पिशवी संपली आणि पुढची सकाळपर्यंत मिळणार नसेल, तर रिकामी पिशवी नुसती काढून न ठेवता त्याच वेगाने दहा टक्के डेक्स्ट्रोज सुरू करावे आणि तासाभराने बोटाला टोचून साखर बघावी. ही सूचना आम्ही रात्रपाळीसाठी केसपेपरच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवतो.