पुलाचा आकडा आणि दुकानाचा आकडा

सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये सकाळपासून एकच प्रश्न फिरत असतो, "आयर्विनला किती?" म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे? चाळीस फूट म्हटलं की इशारा, पंचेचाळीस म्हटलं की धोका. हे आकडे अख्ख्या शहरासाठी आहेत. गणपती पेठेतल्या घाऊक दुकानदाराला किंवा वखारभागातल्या गोदामवाल्याला त्यांचा उपयोग अर्धाच. कुणाच्या मोरीतून धोका पातळीच्या आधीच पाणी वर येतं, तर कुणाचा उंबरा पन्नासलाही कोरडा असतो. पावसाळ्याची तयारी म्हणून ताडपत्री आणि वाळूची पोती आणायची ती आणाच, पण त्याआधी आपल्या दुकानाचा आकडा काढा, म्हणजे आयर्विनला किती फूट झाले की पाणी आपल्या फरशीला लागतं तो.

तो काढायला सर्व्हेअर लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आयर्विन पुलाजवळ साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं होतं. त्या पाण्याची रेघ बऱ्याच भिंतींवर अजून दिसते आणि जिथं रंग दिलाय तिथं शेजारी सांगतात. दुकानाच्या फरशीपासून त्या रेघेपर्यंत टेप लावा. सहा फूट भरले, तर साडेसत्तावन्नातून सहा वजा, म्हणजे तुमची फरशी साडेएक्कावन्नला. मग २०२१ च्या रेघेवरून ताळा करा. त्या जुलैत पाणी चौपन्न-पंचावन्नच्या दरम्यान पोहोचलं होतं. दोन्ही उत्तरांत फुटापेक्षा जास्त फरक आला तर कमी आकडा खरा धरा. पुलापासून जितकं लांब तितकी पाण्याची पातळी थोडी बदलते, त्यामुळे हा हिशेब इंचाचा नाही, पण फुटाचा नक्की आहे. आकडा ऑइलपेंटनं गल्ल्यामागच्या भिंतीवर लिहून टाका. मालक गावाला गेला तरी दिवाणजीला कळला पाहिजे.

आता यातली खरी मेख. दुकानापेक्षा रस्ता आधी बुडतो. फरशी साडेएक्कावन्नला असेल, पण टेम्पो ज्या कोपऱ्यावरून वळतो तो कोपरा चार फूट खोल असेल, तर तुमचा माल साडेसत्तेचाळीसलाच अडकला. दुकान कोरडं, आत लाखोंचा माल आणि बाहेर गुडघाभर पाणी, ही स्थिती सगळ्यात वाईट. माणूस थांबतो, "अजून आपल्याकडे आलं नाही" म्हणत. म्हणून दोन आकडे लिहा, एक फरशीचा आणि एक रस्त्याचा. निर्णय रस्त्याच्या आकड्यावर घ्यायचा.

पाणी किती वेगानं चढेल याचा अंदाज फक्त कोयनेच्या विसर्गावरून बांधणारे हमखास चुकतात. कोयनेचं पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेत येतं आणि मग खाली सरकतं, त्यामुळे हाताशी थोडा वेळ असतो. पण हरिपूरला वारणा मिळते. वारणा फुगलेली असली की कृष्णेला पुढं जायला वाट मिळत नाही आणि पाणी मागं सांगलीत तुंबतं. पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगेचंही तसंच. कोयनेचे दरवाजे खाली केले म्हणून निर्धास्त होऊ नका. वारणेवरच्या चांदोली धरणाचा विसर्ग आणि पंचगंगा फुगवणारा कोल्हापूरचा पाऊस, दोन्ही बघा. जलसंपदा विभागाचे आकडे येत असतात, तेच धरा. व्हॉट्सॲपवर फिरणारा पुलाचा फोटो कितीदा तरी मागल्या सालचा असतो.

तासाला दोन इंच चढ धरून चला, म्हणजे दिवसाला चार फूट. आता दोनशे पोती हळद हलवायची आहे समजा. पोतं पन्नास किलोचं धरलं तरी दहा टन होतात. दीड टन घेणाऱ्या टेम्पोत तीस पोती, म्हणजे सात खेपा. भरणं, कुपवाड किंवा माधवनगरच्या बाजूला नेणं, उतरवणं आणि परत येणं, पुराच्या दिवसातल्या गर्दीत एका खेपेला दीड तास कमीच. झाले साडेदहा तास. तेवढ्यात नदी एकवीस इंच वर आली. हे सगळं हमाल आणि टेम्पो हाताशी असतील तर. अख्खी पेठ एकाच दिवशी त्याच हमालांना आणि त्याच टेम्पोवाल्यांना फोन करते, हे विसरू नका. टेम्पो आणि टोळी मे महिन्यातच ठरवून थोडी उचल देऊन ठेवावी. पाणी आलं नाही तर ती उचल दिवाळीच्या मालाच्या भाड्यात वळती करता येते. उंचावरची जागाही आधीच बोलून ठेवायची. ऐन वेळी मिळते ती गळकी शेड.

आमच्या मते रस्त्याच्या आकड्याच्या दहा फूट आधी टेम्पोला सांगून ठेवायचं आणि तळाच्या फळ्या रिकाम्या करायला घ्यायच्या. सहा फूट आधी माल हलवायला लागायचं. तीन फूट उरले की माणसं घरी. दिवसाला चार फुटांच्या चढीनं हे तीन फूट म्हणजे अठरा तास होतात. ऐकायला खूप वाटतात, पण त्यात एक रात्र असते.

जागेवरच उंच रचून भागेल असं वाटत असेल तर माल कुठला आहे ते बघा. साखर, मीठ, गूळ खालून विरघळतात आणि वरची कोरडी पोती बसत बसत पाण्यात येतात. डाळ आणि कडधान्यं फुगतात, खालचं पोतं फाटतं आणि थप्पी कलंडते. या मालाची थप्पी कितीही उंच केली तरी उपयोग नाही, तो आधी बाहेर काढायचा. कापड आणि भांडी पोटमाळ्यावर चालतात, पण पोटमाळ्याच्या अँगलला किती वजन झेपतं ते फॅब्रिकेटरला विचारून घ्या. रिकामे डबे आणि डीप फ्रीझर तरंगतात. फ्रीझर तरंगत येऊन दाराला आडवा बसला की नंतर शटर उघडत नाही, म्हणून तो दोरीनं गजाला बांधायचा. गॅसचा सिलिंडर भरलेला असला तरी पाण्यावर तरंगतो. भडंगवाले, हॉटेलवाले यांनी रेग्युलेटर काढून, टोपी लावून सिलिंडर वर न्यायचे. ते जमत नसेल तर साखळीनं बांधायचे.

पाणी नेहमी रस्त्यावरूनच येतं असं नाही. नदीची पातळी गटाराच्या तोंडापेक्षा वर गेली की गटार उलटं वाहतं आणि संडासातून, मोरीतून पाणी आत येतं. शटरला वाळूची पोती लावून मागच्या मोरीकडे कुणी बघतच नाही. संडासाच्या भांड्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वाळूची पिशवी दाबून बसवा, मोरीच्या जाळीवर रबराचा तुकडा ठेवून वर वजन द्या. दुरुस्ती निघालीच असेल तर बाहेर जाणाऱ्या पाइपला पाणी परत न येऊ देणारा झडपेचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. पण त्याची झडप दर मे महिन्यात उघडून साफ केली नाही तर कचऱ्यानं ती उघडीच राहते आणि ऐन वेळी फसवते.

विजेच्या बाबतीत मेन स्विच बंद करून काम झालं असं समजू नका. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद असतानाही आतल्या वायरीत वीज असते. बॅटरीच्या तारा सोडवाव्या लागतात. छतावर सोलर असेल तर पॅनेलपासून खाली येणारी तार दिवसभर जिवंत असते, तिचा वेगळा स्विच कुठं आहे ते आजच बघून ठेवा. हे सगळं पाणी उंबऱ्याला लागायच्या आधी. ओल्या फरशीवर उभं राहून स्विचला हात लावायचा नाही, महावितरणला कळवायचं आणि लांब राहायचं. सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर बहुतेक दुकानांत गल्ल्याखालच्या खणात असतो, म्हणजे पहिला तोच बुडतो. तो आठ फुटांवर न्या. दुकान चार-पाच दिवस बंद राहतं तेव्हा कोण येऊन गेलं हे सांगणारी तेवढीच एक वस्तू असते. रोकड, चेकबुकं, उधारीची वही आणि शिक्के एका पेटीत, आणि ती पेटी कोण नेणार त्याचं नाव आधीच ठरलेलं.

माणसांची यादी करताना फक्त नाव आणि फोन लिहू नका. कोण कुठल्या वाटेनं घरी जातो ते लिहा. सांगलवाडी, हरिपूर, अंकली, भिलवडीकडची माणसं एखाद्या रस्त्यावर किंवा पुलावर अवलंबून असतात. तो बंद झाला की ती दुकानात अडकतात, आणि घरी त्यांचंही सामान उचलायला कुणी नसतं. त्यांना सगळ्यांच्या आधी सोडायचं. या दिवसांचा पगार कापला जाणार नाही हे जूनमध्येच सांगून टाका. न सांगितलेला नोकर रोजंदारी बुडेल या भीतीनं येतो आणि मग परतीला पाण्यातून जातो. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, तेव्हा त्या बोटीत तिला झेपतील त्यापेक्षा जास्त लोक होते. शेवटच्या बोटीची वेळ येऊ नये एवढं नियोजन मालकाच्या हातात असतं. वॉचमनला राखणीला मागं ठेवणं तर अजिबात नको. त्याच्या जिवापुढं गोदामातली हळद काय मोलाची?

पाणी ओसरल्यावर घाई होते, आणि अपघात तेव्हाच जास्त होतात. हळद-धान्याच्या गोदामात किडीसाठी सेल्फॉसच्या गोळ्या असतात. त्यातलं ॲल्युमिनियम फॉस्फाइड ओलं झालं की फॉस्फिन वायू सुटतो, आणि तो जीव घेतो. पावसाळ्याआधी उरलेल्या गोळ्या सीलबंद डब्यात, सगळ्यात उंच, हवेशीर जागी आणि राहत्या खोलीपासून लांब ठेवा. बुडालेल्या गोदामाची शटरं आणि खिडक्या बाहेरून उघडून काही तास सोडून द्यायच्या, मगच आत पाय टाकायचा. गोदामात गोळ्या होत्या हे माहीत असेल तर फ्युमिगेशन करणाऱ्या जाणकाराला बोलावल्याशिवाय आत जाऊच नये. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, उतरण्याआधी कंदील खाली सोडून बघायची जुनी रीत आहे. कंदील विझला तर प्राणवायू नाही, एवढं कळतं. पण जळत राहिला म्हणून विषारी वायू नाही असं ठरत नाही. वायू मोजायचं यंत्र असलेला माणूस बोलवा, कमरेला दोर बांधा आणि वर दोघं उभे ठेवा. एक बेशुद्ध पडला म्हणून दुसऱ्यानं तसंच उतरायचं नाही. एकाच्या मागे दुसरा जातो तो असाच.

बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारे स्विच, वाळवून परत बसवू नका, आत गाळ राहतो आणि वेळेवर ते पडत नाहीत. सरळ बदला. वायरिंगला इलेक्ट्रिशियनकडून पाचशे व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावून घ्या. एक मेगाओहमच्या खाली आलं तर चालू करायचं नाही, अजून वाळू द्यायचं. मोटार उघडून स्वच्छ पाण्यानं धुवायची, पूर्ण वाळवायची, बेअरिंगचं ग्रीस बदलायचं आणि मग मेगर. गाळ काढणाऱ्यांना गमबूट आणि रबरी हातमोजे द्या. पायाला जखम असणाऱ्याला त्या चिखलात उतरवू नका. लेप्टोच्या, म्हणजे अशा चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्यांचं सरकारी दवाखान्यात विचारून घ्या, आपल्या मनानं वाटू नका.

विम्याचे कागद मात्र मे महिन्यातच काढून वाचा. पॉलिसीत पुराचं कलम आहे का, की हप्ता वाचवायला कुणी ते वगळलंय? मालाची रक्कम आजची आहे का? चाळीस लाखांचा माल वीस लाखांना उतरवला असेल आणि दहा लाखांचं नुकसान झालं, तर हातात पाचच येतात. पॉलिसीवर गोदामाचा पत्ता असतो. माल कुपवाडला हलवला आणि तिथं भिजला किंवा चोरीला गेला, तर त्या पत्त्याचं संरक्षण नाही असं उत्तर मिळू शकतं. एकाच रकमेत अनेक जागांचा माल धरणारी फ्लोटर पॉलिसी असेल तर दोन्ही जागा त्यात घालता येतात. नसेल तर माल हलवतानाच कंपनीला मेल टाका. विमा कंपनीचा सर्व्हेअर येण्याआधी ओला माल फेकायचा नाही. वास सहन होत नसेल तर फोटो काढून, कळवून, नमुन्याची पोती बाजूला ठेवून मगच.

हे सगळं आवरेपर्यंत दसरा येतो आणि धोक्याची जात बदलते. कापड पेठेत आणि सराफ कट्ट्यावर गर्दी होते, दोन महिन्यांसाठी पोरं कामाला लागतात, येण्याजाण्याच्या वाटेत खोकी रचली जातात. आलेल्या प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत आणि घरच्याचा नंबर घ्या, पण पहिल्याच दिवशी त्याला आग विझवायचा सिलिंडरही चालवून दाखवा. सहा किलोचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. ज्वाळेवर मारला की वाया गेला, बुडाशी मारायचा. तो दाराजवळ टांगा. आतल्या कोपऱ्यात टांगला तर आग ओलांडून आणायला जावं लागतं. सहा अँपिअरच्या एका सॉकेटवर १३८० वॉटच्या वर भार नको. चहाची इलेक्ट्रिक किटली एकटीच दीड हजार वॉटची असते आणि त्याच बोर्डावर रोषणाईच्या माळा लोंबत असतात. रोकड रोज त्याच वेळी, त्याच माणसाबरोबर, त्याच रस्त्यानं बँकेत पाठवू नका आणि शटर अर्धं उघडं ठेवून मोजू नका.

दिवाळीच्या आठवड्यात माल राखायला पोरं दुकानातच झोपतात आणि मालक बाहेरून कुलूप घालून घरी जातो. शॉर्टसर्किट झालं तर त्या पोरांना बाहेर पडायला वाट नसते. कुलूप आतून लावायचं, आणि किल्ली आत झोपणाऱ्याच्या उशाशी.