सिरियलसारखा सिनेमा

"मामा, हा सिनेमा सिरियलसारखा का दिसतोय?"

नव्या टीव्हीवर जुना कृष्णधवल सिनेमा लावला होता. भाची बरोबर बोलली. नायक पळत होता आणि त्याच्या हाताभोवतीची हवा पाण्यासारखी थरथरत होती. मागची भिंत मधेच वितळायची, मग परत जागेवर यायची.

हा मोशन स्मूदिंगचा प्रताप. बोलपट आले तेव्हापासून, म्हणजे 1920च्या दशकाच्या अखेरीपासून, सिनेमा सेकंदाला 24 चित्रांवर चालतो. टीव्हीचा पडदा सेकंदाला 60 वेळा किंवा त्याहून जास्त बदलतो. मग टीव्ही दोन चित्रांच्या मधलं चित्र स्वतःच्या अंदाजाने बनवतो आणि घुसडतो. म्हणजे आपण बघतो त्यातली निम्म्याहून जास्त चित्रं कॅमेऱ्याने कधी टिपलेलीच नसतात! क्रिकेटला ठीक आहे, चेंडू स्वच्छ दिसतो. पण सिनेमाला?

2018 मध्ये टॉम क्रूझने व्हिडिओ टाकून लोकांना हे बंद करायची विनंती केली होती. एवढ्या मोठ्या नटाला सेटिंगसाठी हात जोडावे लागतात, गंमतच आहे.

बंद केलं. लगेच ताईचा आवाज आला, "अरे, आत्ता किती छान दिसत होतं! काय बिघडवलंस?"

खटकतंय ते हेच. बऱ्याच टीव्हींवर हे आधीपासून चालूच असतं, कुणी विचारत नाही, आणि हळूहळू डोळ्यांना तेच खरं वाटायला लागतं. भाचीला खटकलं, ताईला आवडलं.

तुमच्याकडे चालू आहे की बंद?