पेन्टियम एम लॅपटॉपवर एमएक्स लिनक्स : पीएईच्या अडथळ्याची नोंद

२००४ च्या सुमाराचा, पेन्टियम एम प्रोसेसर आणि १ जीबी रॅम असलेला हा लॅपटॉप एमएक्स लिनक्स २३ या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ३२-बिट आवृत्तीवर चालवायचा आहे. पेनड्राइव्हवरून सुरू करून बूट मेनूतला पर्याय निवडताच मात्र काळ्या पडद्यावर मोजका मजकूर उमटतो आणि यंत्र तिथेच थांबते. कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) लागणारी पीएई, म्हणजे ४ जीबीहून जास्त मेमरी हाताळण्याची सोय, या प्रोसेसरमध्ये नाही, तेव्हा योग्य तो कर्नल वापरावा, असा त्या मजकुराचा आशय आहे.

पहिला संशय नेहमी पेनड्राइव्हवर जातो. परंतु बायोसने तो ओळखला, मेनू दिसला आणि कर्नल प्रोसेसर तपासण्यापर्यंत पोचला, त्या अर्थी अडचण त्याच्या पुढची आहे. आयएसओचा (डाउनलोड केलेल्या इन्स्टॉलेशन फाइलचा) चेकसमही जुळला, म्हणजे फाइल बिघडलेली नव्हती.

नंतर अँटिएक्स या दुसऱ्या लिनक्सची ३२-बिट आवृत्ती लावली. तिचा कर्नल पीएईविना बांधलेला असल्यामुळे ती सरळ सुरू झाली आणि प्रोसेसरची माहिती वाचता आली : फॅमिली ६, मॉडेल १३, म्हणजे डोथान पिढी, फ्लॅग्जच्या (क्षमतांच्या) यादीत पीएईचा उल्लेख नाही. खरी गोम इथेच आहे. इंटेलने पीएई १९९५ च्या पेन्टियम प्रोमध्येच आणले होते आणि ४०० मेगाहर्ट्झ बसच्या पेन्टियम एममध्येही ते प्रत्यक्षात आहे. केवळ सीपीयूआयडीच्या (प्रोसेसरला त्याच्या क्षमता विचारणाऱ्या सूचनेच्या) उत्तरात हा प्रोसेसर ते जाहीर करत नाही, आणि कर्नल त्या उत्तरावर विसंबून पुढे जाण्यास नकार देतो. याच प्रोसेसरांसाठी २०१४ मध्ये लिनक्स ३.१५ पासून ‘फोर्सपीएई’ (forcepae) हा पर्याय दिला गेला. बूट ऑप्शन्सच्या ओळीच्या शेवटी तो शब्द लहान इंग्रजी अक्षरांत, सलग टाइप केला आणि एमएक्सचा डेस्कटॉप उघडला. असे केल्यावर कर्नल स्वतःवर ‘टेंटेड’ (नेहमीच्या खात्रीबाहेर चालणारा) अशी खूण करतो. तिने घाबरून जाण्याचे कारण नाही.

तरीही कायमची व्यवस्था म्हणून मला हा मार्ग पटत नाही. पीएईमुळे ६४ जीबीपर्यंतची मेमरी हाताळता येते, पण इथे ती १ जीबीच आहे; उलट पेज टेबलमधली (मेमरीच्या पत्त्यांच्या तक्त्यातली) प्रत्येक नोंद ४ बाइटांऐवजी ८ बाइटांची होते, आणि एवढ्या कमी मेमरीत असा खर्च विनाकारण का करावा? एमएक्स २३ हे डेबियन १२ या मूळ लिनक्सवर आधारलेले असल्याने त्यातले पीएईविना बांधलेले ‘लिनक्स-इमेज-६८६’ हे पॅकेज बसवण्याचे ठरवले आहे. त्या कर्नलवर यंत्र व्यवस्थित सुरू होईपर्यंत ग्रबमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या बूटलोडरमध्ये) फोर्सपीएई राहू द्यायचे. ज्यांच्याकडे अशी यंत्रे आहेत त्यांनी डेबियन १२ चे आयएसओ जपून ठेवावे, कारण २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दिलेले नाहीत.

पुढचे काम हार्ड डिस्कचे. जुनी ४४ पिनांची आयडीई डिस्क काढून तिच्या जागी अ‍ॅडॉप्टरवर एमसाटा एसएसडी बसवायची आहे. इन्स्टॉलेशन त्यानंतरच करीन.